फुटक्या बांगडीचं माप

आम्ही केदारखेड्याच्या बचत गटांच्या बाया. मागच्या वेळी आपण बँकेच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, इतिहासाचा. पण रेडिओ बंद करू नका, सनावळ्या पाठ करायला लावणार नाही.

गेली तीन वर्षं आम्ही सहा-सात जणी शाळांच्या सहलींबरोबर वस्तुसंग्रहालयात जातो आणि तिथल्या वस्तू लेकरांना दाखवून समजावून सांगतो. त्याचा पगार नाही की भत्ता नाही. गाडीत बसायला जागा मिळते, डबा आपला आपण न्यायचा. घरी विचारतात, याच्यातून काय मिळतं तुम्हाला? त्याचं उत्तर एका वाक्यात येत नाही, म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

सुरुवात अगदी साधी झाली. एका शाळेची सहल छत्रपती संभाजीनगरला निघाली होती. मुलींसोबत बाया पाहिजेत, नाहीतर आई-बाप पाठवायचे नाहीत, म्हणून गुरुजींनी आम्हाला विचारलं. म्हणजे आम्ही गेलो त्या लेकरं मोजायला. उतरताना किती, चढताना किती, पाणी कोणाचं संपलं, उलटी कोणाला होते, एवढंच आमचं काम. लेणी झाली, मकबरा झाला, मग डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात गेलो. लेकरं रांगेनं आत शिरली आणि रांगेनंच बाहेर निघायला लागली. काचेच्या कपाटासमोर कोणी थांबेना. थांबून तरी काय बघणार? खापराचे तुकडे, मणी, मातीची डोकी, खाली बारीक अक्षरात चिठ्ठी.

आमच्यात एक कासारीण मावशी आहेत. पस्तीस-चाळीस वर्षं बाजारच्या दिवशी बांगड्यांची टोपली घेऊन बसतात. शाळा दुसरीपर्यंत. त्या एका कपाटासमोर गेल्या आणि तिथंच थबकल्या. आत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे होते. कोणता बोटभर, कोणता त्याहून लहान. मावशींनी काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही सव्वादोनची. ही अडीचची. अन् ही बघ, ही तर लेकराची आहे, चार-पाच वर्षांच्या."

जवळच्या दोन मुली परत फिरल्या. "तुम्हाला कसं कळलं? ती तर फुटलेली आहे."

मावशी म्हणाल्या, "फुटली म्हणून काय झालं? बाक तर तसाच आहे ना." आणि त्यांनी आपल्या हातातली काचेची बांगडी काढली, तिचा थोडाच भाग दिसेल अशी मुठीत धरली आणि मुलींना विचारलं, "आता बाकीची केवढी असंल, सांगा." मुलींनी हवेत बोट फिरवून गोल पुरा केला. पाच मिनिटांत त्या कपाटासमोर सगळी सहल गोळा झाली. जो तो फुटक्या तुकड्याचा गोल पुरा करून मनगट शोधायला लागला.

नंतर आम्हाला कळलं की उत्खनन करणारे लोकही असंच करतात. मडक्याच्या काठाचा तुकडा सापडला की त्याच्या बाकावरून मडक्याचं तोंड केवढं होतं ते काढतात. त्यासाठी त्यांच्याकडे आखलेला कागद असतो. आमच्या मावशींच्या तो डोळ्यात आहे.

आता त्या बांगड्या कुठल्या, ते ऐका. चिठ्ठीवर नाव होतं भोकरदन. आपलंच भोकरदन! जिथं आपण तहसीलला जातो, दाखले काढतो, बाजार करतो. आमच्यातल्या बऱ्याच जणींचं अर्धं आयुष्य त्या रस्त्यावर गेलेलं, पण तिथल्या मातीतून निघालेल्या वस्तू पहिल्यांदा बघितल्या त्या दोन तास गाडीत बसून दुसऱ्या शहरात. लाज वाटली म्हणा की राग आला म्हणा, काहीतरी झालं खरं. परतताना गाडीत आम्ही ठरवलं की पुढच्या वेळी नुसती लेकरं मोजायची नाहीत.

मग विचारत, वाचत गेलो. आमच्यापैकी एकीनं बी. ए. ला इतिहास घेतला होता, पण त्यात भोकरदनचं पान कधी आलं नव्हतं.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. केळना नदीच्या काठावरचं हे दोन हजार वर्षांपूर्वीचं भरभराटीचं शहर. राज्य सातवाहनांचं, राजधानी पैठण, म्हणजे तेव्हाचं प्रतिष्ठान. पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मुलखात भोगवर्धन होतं. पुराणांत दक्षिणेकडच्या लोकांची नावं येतात त्यात भोगवर्धनाचंही येतं. आणि तिकडे मध्य प्रदेशात, विदिशेजवळ सांचीचा स्तूप आहे ना, त्याच्या बांधकामाला ज्यांनी ज्यांनी दान दिलं त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. त्यात भोगवर्धनाची माणसं आहेत. सांचीच्या त्या दानाच्या नावांत बायाही पुष्कळ आहेत. कोणी भिक्षुणी, कोणी कोणाची आई, कोणी कोणाची बायको. आम्ही बचत गटाच्या बाया, आम्हाला हे लगेच समजलं. थोडे थोडे पैसे जमा करायचे आणि नाव रजिस्टरला लावायचं! फक्त त्यांचं रजिस्टर दगडाचं होतं.

१९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ या दोघांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते यांनी ते काम केलं आणि दुसऱ्याच वर्षी त्याचा अहवाल छापला. नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, हस्तिदंताच्या वस्तू, खापरं असं खूप काही निघालं. १९७३ म्हणजे बायांनो, आपल्याकडे दुष्काळाचं वर्ष. आमच्या सासवा त्या सालची गोष्ट काढली की खडी फोडण्याचीच काढतात. रोजगार हमीच्या कामावर अर्धा मराठवाडा माती खणत होता, आणि त्याच वर्षी भोकरदनला अशीही खणाई झाली.

बांगडीवर जरा थांबू, कारण लेकरंही तिथंच थांबतात. शंख समुद्रात मिळतो. आपल्यापासून समुद्र चारेकशे किलोमीटर. तेव्हा ना रेल्वे, ना ट्रक. बैलाच्या पाठीवरून नाहीतर गाडीतून माल यायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक आहे. त्यात लिहिलंय की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणपासून तगर, म्हणजे आजचं तेर, आणखी दहा दिवसांवर. रस्ते धड नव्हते, तरी तिथून गाड्या भरभरून दगडाचे मणी करायचा माल आणि कापड बंदराला जायचं, असंही त्यात आहे. तर असा दूरवरून आलेला शंख आडवा करवतून त्याची कडी काढायची, घासून गुळगुळीत करायची, मग बाईच्या हातात चढायची. लेकरांना आम्ही विचारतो, "एका शंखाच्या किती बांगड्या निघत असतील?" कोणी म्हणतं शंभर. मग आम्ही एक मुळा काढतो आणि चकत्या कापून दाखवतो. टोकाकडच्या चकत्या बारीक निघतात. "ह्या कोणाला?" "लहान लेकराला!" हा मुळ्याचा खेळ आमच्यातल्या भाजी विकणाऱ्या ताईंनी काढला. संग्रहालयात आत खायचं-प्यायचं नेता येत नाही, म्हणून मुळा बाहेर झाडाखालीच कापतो आणि मग आत जातो.

दुसरी वस्तू आम्ही पदराला बांधून नेतो. तुरीचे दाणे. भोकरदनच्या उत्खननात जुनं धान्य सापडलं, आणि त्यात तूर होती. दोन हजार वर्षांपूर्वीची तूर! तूर मुळात आपल्याच देशातलं पीक. आपल्या जालना जिल्ह्यात तुरीचं वावर नाही असं गाव शोधावं लागेल, पण ती इथं इतकी जुनी आहे हे कोणाला माहीत होतं? लेकरं विचारतात, इतकी वर्षं दाणा टिकला कसा, कीड नाही लागली? तर जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही आणि त्याला कीडही लागत नाही. मातीखाली तसाच राहतो. शास्त्रज्ञ माती पाण्यात कालवतात, काळा दाणा वर तरंगतो, तो भिंगाखाली बघून ओळखतात. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "म्हणजे कोणाची तरी डाळ करपली, म्हणून आपल्याला कळलं." लेकरं खो खो हसली. डाळच करपली की घर जळालं की चुलीत चार दाणे उडाले, ते काही आपल्याला सांगता येत नाही. पण आजींचं म्हणणं आम्ही तेव्हापासून प्रत्येक सहलीला सांगतो. राजाचं नाव विसरतील, करपलेली डाळ विसरणार नाहीत.

आता एक आमची चूक सांगायची आहे. ही सांगताना अजूनही कानशिलं गरम होतात.

इटली देशात पाँपेई नावाचं शहर होतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी फुटला आणि सगळं शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथं खोदताना एका घरात हस्तिदंताची एक बाई सापडली. आपल्या इकडची बाई! उंची साधारण एक वीत. हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायात जाड वाळे, कमरेला पट्टा, गळ्यात हार, आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, शृंगाराचं सामान घेऊन उभ्या. डोक्यात वरून आरपार भोक पाडलेलं. म्हणजे ती नुसती मूर्ती नसावी, आरशाची मूठ किंवा कुठल्यातरी सामानाचा पाय असावी. ती आज इटलीत नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. सुरुवातीला लोकांनी तिला लक्ष्मी म्हटलं, अजूनही 'पाँपेईची लक्ष्मी' हेच नाव चालतं, पण ती यक्षी किंवा साधी नटलेली स्त्री असावी असं आता बरेच अभ्यासक म्हणतात.

आणि १९७३ मध्ये भोकरदनला जी खणाई झाली, त्यात तशाच ठेवणीची हस्तिदंताची मूर्ती मिळाली. अर्धवट तुटलेली, पण तीच घडण. तेरलाही हस्तिदंताची अशी एक बाई सापडलेली आहे. म्हणून अभ्यासक म्हणायला लागले की पाँपेईची मूर्ती आपल्याच दख्खनच्या भागात घडली असावी.

घडली 'असावी'. आमचा घोटाळा ह्या 'असावी'पाशीच झाला. आम्ही तिचं चित्र मोठं करून पुठ्ठ्यावर चिकटवून नेलं होतं, आणि आमच्यातल्या एकीनं भरात येऊन लेकरांना ठणकावून सांगितलं, "ही आपल्या भोकरदनची लेक, इटलीला नांदायला गेली." टाळ्या पडल्या. गुरुजींनी फोटो काढले. शेजारीच दुसऱ्या एका शाळेची सहल होती, त्यांच्यासोबतच्या एक बाई शांतपणे जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, त्या मूर्तीच्या तळाला एक अक्षर कोरलेलं आहे. ते खरोष्ठी लिपीतलं आहे. ती लिपी वायव्येकडची, गांधाराकडची. म्हणून काही जण म्हणतात की ती तिकडची आहे, आणि मथुरेची म्हणणारेही आहेत. भोकरदनची असू शकते. पण नक्की आहे असं सांगू नका."

आमचं तोंड एवढंएवढं झालं. परतीच्या वाटेवर दोघींचं भांडण झालं. एक म्हणे, "आपल्या लेकरांना आपल्या गावाचा अभिमान वाटला तर बिघडलं कुठं? शहरातल्यांनी कायम आपल्याला मागासच म्हटलं." दुसरी म्हणे, "अन् उद्या ते लेकरू मोठं होऊन खरं वाचंल, तेव्हा आपलं बाकीचंही खोटं समजंल. तुरीचं बी अन् बांगडीचं बी." राजूरला गणपतीच्या दर्शनाला गाडी थांबली तोपर्यंत दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मग प्रसादाचा पेढा अर्धा अर्धा केला.

तेव्हापासून आम्ही तसंच सांगतो, जसं आहे तसं. एक इटलीला सापडली, एक भोकरदनला, एक तेरला. तिघी बहिणींसारख्या दिसतात. माहेर कोणतं, ते अजून ठरलेलं नाही. तुम्ही मोठे व्हा आणि शोधा. गंमत म्हणजे लेकरांना हेच जास्त आवडतं. ठरलेलं सांगितलं की ती वहीत उतरवून घेतात. ठरलेलं नाही म्हटलं की भांडायला लागतात.

बाहेरच्या जगात हे काम नवीन नाही. अमेरिकेत बोस्टन शहराच्या कलासंग्रहालयात १९०७ साली लोकांना वस्तू समजावून सांगणारी माणसं नेमली आणि त्यांना 'डोसंट' हे नाव दिलं. आपल्याकडे मुंबईला भायखळ्याचं संग्रहालय १८७२ पासून आहे. आता त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून एक बसच केली आहे, तिच्यात वस्तू मांडून ती शाळांच्या दारात जाते. पण आम्हाला सगळ्यात जवळचं वाटलं ते पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. ते कोण्या राजाचं नाही, हो. दिनकर केळकर हे चष्म्याच्या धंद्यातले गृहस्थ, 'अज्ञातवासी' नावानं कविता करायचे. राजा म्हणजे त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा, त्याच्या आठवणीत हे उभं केलं. त्यांनी गोळा काय केलं? अडकित्ते, दिवे, वज्री, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकाची भांडी. वज्री म्हणजे टाच घासायची. जी वस्तू आपण अंगणात मोरीजवळ टाकून देतो, ती त्यांनी गावोगाव फिरून मिळवली. पत्नी कमलाबाई त्यांच्यासोबत. तेरचं सरकारी संग्रहालयही तिथल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर उभं आहे, आणि पैठणचं बाळासाहेब पाटलांच्या संग्रहावर. सरकार नंतर आलं. आधी गावातला एखादा माणूस खापर उचलून खिशात घालतो, घरचे त्याला येडा म्हणतात, मग पन्नास वर्षांनी इमारत होते.

आम्हालाही येडं म्हणणारे भेटलेच. एका शाळेत मुख्य गुरुजींनी स्पष्ट सांगितलं, "सहलीला चला, मुलींवर लक्ष ठेवा. पण इतिहास सांगायचं काम तुमचं नाही. पापड-लोणच्याचं काय असेल ते सांगा." आम्ही गप्प बसलो. वाद घातला असता तर मुलींची सहलच बुडाली असती. त्या सहलीत आम्ही खरंच फक्त डोकी मोजली. काचेसमोर लेकरं सरसर पुढं गेली, आणि कासारीण मावशी दाराजवळच्या बाकड्यावर बसून राहिल्या. तेवढं आम्हाला लागलं, बाकी काही नाही.

पण त्यांच्या बोलण्यात एक खरं होतं, ते आम्ही मान्य करतो. नुसता अनुभव पुरत नाही. मावशींना बांगडीचं माप कळतं, पण ती सातवाहनांच्या काळातली आहे हे थराथरानं माती खणणाऱ्यांनीच सांगितलं. खालचा थर जुना, वरचा नवा, आणि त्या थरात नाणं कोणाचं सापडलं त्यावरून काळ. आम्ही हे आता गोधड्यांच्या थप्पीवरून सांगतो. सगळ्यात खालची आजीच्या हातची, वरची यंदाची. मधल्या घडीत जुन्या नोटा सापडल्या, तर ती घडी कधी ठेवली ते कळेल की नाही? लेकरांच्या डोक्यात हे एका दमात बसतं. आणि मग त्यांना हेही कळतं की कोणी उंदरानं मध्येच बीळ केलं असलं तर खालचं वर येतं आणि सगळा हिशेब चुकतो.

वाटाड्याबद्दल एक गोष्ट आमच्याच भागातली आहे. असईची लढाई. २३ सप्टेंबर १८०३, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज एकीकडे, इंग्रजांचा वेलस्ली दुसरीकडे. मध्ये केळना नदी. वेलस्लीनं वाटाड्यांना विचारलं, नदीला उतार कुठं आहे? वाटाडे म्हणाले, इथं उतार नाहीच. पण त्याला दुर्बिणीतून दिसलं की दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. त्यानं ताडलं की समोरासमोर गावं वसली म्हणजे माणसं ये-जा करत असणारच, पाणी उथळ असणारच. आणि तसंच निघालं. फौज तिथून पार झाली आणि दिवस इंग्रजांचा झाला. त्यांच्याकडचेही दीड हजारांवर मेले नाहीतर जखमी झाले. ह्याच वेलस्लीनं पुढं नेपोलियनला हरवलं, तरी म्हातारपणी आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून तो असईचंच नाव घ्यायचा असं सांगतात.

ही गोष्ट सांगितली की मुलं तोफांचं विचारतात. मुली मात्र एकदा विचारत्या झाल्या, "वाटाडे खोटं बोलले का?" आम्ही चाट पडलो. खरंच, त्यांना माहीत नव्हतं की मुद्दाम सांगितलं नाही? परक्या फौजेला आपल्या नदीचा उतार कोण दाखवील? पुस्तकात त्या वाटाड्यांची नावंही नाहीत. पण दोन गावं समोरासमोर असली की मध्ये पाऊलवाट असते, एवढं ह्या भागातल्या कोणत्याही धुणं धुणाऱ्या बाईला माहीत असतंय. त्या मुलींना आम्ही काही उत्तर दिलं नाही. तुम्ही काय केलं असतं, एवढंच विचारलं. गाडीत भोकरदन येईस्तोवर वाद चालला होता.

आता जे सांगायचं राहिलंय ते अवघड आहे.

आपल्याकडे काळी आणि पांढरी असं म्हणतात. काळी म्हणजे वावराची, पांढरी म्हणजे गाव जिथं वसलं तिथली. बहुतेक जुन्या गावांना पांढरीचं टेकाड असतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, खापरं, सगळं साचून ते टेकाड होतं. ती माती भिंती लिंपायला चांगली, वावरात टाकायलाही चांगली. म्हणून ट्रॅक्टर लागतात. आम्ही स्वतः तिच्यानं घरं लिंपली आहेत, तेव्हा दुसऱ्याला काय बोलणार? पण आता ती माती बघितली की उंदराचं बीळ आठवतं. ट्रॅक्टर म्हणजे लई मोठा उंदीर.

मागच्या वर्षी एका सहलीत पाचवीतली एक मुलगी मण्यांच्या कपाटासमोर उभी राहिली ती हलेचना. सगळे पुढं गेले. आम्ही विचारलं, काय झालं? तिनं फ्रॉकच्या गळ्यातून काळा दोरा बाहेर काढला. दोऱ्यात एकच मणी. तांबूस, पाणीदार, लांबट, दोन्हीकडून भोक पाडलेला. काचेआड होता अगदी तसाच. म्हणाली, "आज्जीला लिंपायच्या मातीत सापडला. नजर लागू नये म्हणून घातला. हा बी तसाच आहे का?"

आम्हाला काही सुचेना. तसाच दिसत होता, पण दिसण्यावरून ठरवायचं नाही हे आम्ही लक्ष्मीच्या वेळी शिकलो होतो. आणि तसाच असला तर? १८७८ पासून कायदा आहे, निखात निधीचा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांच्या वरची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आम्ही तिला हे सांगितलं. वाटाड्यानं वाट दाखवायची तर अर्धी दाखवून चालत नाही. तिनं मणी मुठीत घट्ट धरला आणि म्हणाली, "मंग काहून सांगितलं मी तुम्हाला? आता हा बी इकडं कपाटात ठिवतील. आमच्या गावाचं सगळं इकडंच आणतात."

तिचं खोटं आहे, असं कोणी म्हणेल का? भोकरदनच्या बांगड्या बघायला दोन तास प्रवास करून आलेल्या आम्हीच. पण कपाटात होत्या म्हणून तरी बघायला मिळाल्या, नाहीतर कुठल्यातरी भिंतीत लिंपल्या गेल्या असत्या. दोन्ही खरंच आहे.

गावी आल्यावर आम्ही तिच्या आजीकडे गेलो. आजी आधी घाबरल्या, वाटलं पोलिसात द्यायला आलो. चहा झाला. मग आजींनी सांगितलं, कोणत्या टेकाडाची माती, किती वर्षांपूर्वी, भिंतीच्या कोणत्या अंगाला लिंपताना हाताला लागला. आमच्यातल्या एकीनं ते सगळं गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, मण्याचा पट्टी ठेवून फोटो काढला, आणि गुरुजींच्या सहीनं तहसीलला पत्र दिलं. मणी सध्या आजीकडेच आहे, देवघरात, कोऱ्या काडेपेटीत. पत्राचं काय होतं ते बघू.

एवढं मात्र झालंय की आता त्या मागच्या पानावर आणखी सात नोंदी आहेत. दोन ठिकाणची खापरं, एक शंखाची फुटकी बांगडी, एक मातीचा बैल, बाकी मणी. कुठं सापडलं, कोणाला, किती खोल, असं चार रकाने आखून. सासवांच्या नावानं आहेत बऱ्याचशा. लिहून घ्यायला गेलो की पहिल्यांदा म्हणतात, आमचं नाव कशाला? मग लिहिलेलं वाचून दाखवायला लावतात. एकीनं तर आपल्या माहेरचं नाव घालायला लावलं. आम्हाला नाशिकच्या लेण्यातली गौतमी बलश्री आठवली. तिचा लेख तिथं आहे, आणि तिच्या लेकाला आपण आजही आईच्या नावानंच ओळखतो, गौतमीपुत्र.

पुढची सहल दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. भाडं माणशी किती पडेल ते गुरुजी अजून काढतायत. दोन मुलींचे पैसे गट भरणार आहे, ते बैठकीत ठरलंय. कासारीण मावशींचे गुडघे दुखतात, गाडीत चढताना दोघींनी धरावं लागतं, पण त्या येणार म्हणतात. मण्यांच्या कपाटासमोर ह्या वेळी ती मुलगी बोलणार आहे. आता ती सहावीत आहे. काय बोलणार, ते तिनं आम्हाला अजून सांगितलेलं नाही.